२४ मुलं, ८ कोपरे आणि पंधराव्या मिनिटाचा गोंधळ

प्रश्न: मी बालवर्गाला शिकवते. वर्गात ४ ते ५ वर्षांची २४ मुलं आहेत आणि मदतीला एक मदतनीस आहे. यंदा खेळातून शिकवायचं ठरलं म्हणून मी वर्गात ८ कोपरे मांडले: ठोकळे, घरकोपरा, खेळाची कणीक, पाणी, वाळू, चित्रं, पुस्तकं आणि अंकांचे खेळ. रोज अर्धा तास मुक्त खेळ. पहिले दोन दिवस बरे गेले. आता पंधराव्या मिनिटाला सगळ्या कोपऱ्यांतलं सामान एकमेकांत मिसळलेलं असतं. ठोकळ्यांच्या तलवारी होतात, कणीक फरशीला चिकटते, दोन मुलं नुसती उभी राहून बघतात आणि मी पूर्ण वेळ ओरडत असते. पालक विचारतात, "नुसतंच खेळतात, अक्षरं कधी?" या मुलांना खेळताच येत नाही, की माझं काही चुकतंय?

उत्तर:

ताई, मुलांना खेळता येतं. गोंधळ होतोय तो मांडणीमुळे, आणि मांडणी तुमच्या हातात आहे. तुम्ही पत्रात सामानाची यादी दिलीत, पण प्रत्येक वस्तू किती आहे, कुठे ठेवली आहे आणि एका कोपऱ्यात किती मुलं मावतात, हे त्यात नाही. खेळातून शिकवताना शिक्षिकेचं निम्मं काम मुलं वर्गात येण्याआधीच उरकलेलं असावं लागतं. ते झालं नाही, तर तेच काम पुढे ओरडून करावं लागतं.

आधी जागांचा हिशोब करू. २४ मुलं असतील तर सगळ्या कोपऱ्यांत मिळून किमान २८ आणि शक्यतो ३० ते ३२ जणांची जागा हवी. जागा मोजून २४च असल्या, तर शेवटच्या मुलाला निवड उरत नाही. एका खेळातून उठलेल्या मुलाला दुसरीकडे जायचं तर कुणाला तरी उठवावं लागतं, आणि बहुतेक धक्काबुक्की तिथून सुरू होते. तुमचे ८ कोपरे जागांच्या हिशोबाने पुरेसे आहेत. पण आठही एकाच दिवशी उघडल्यामुळे कुठे काय करायचं हे मुलांना कळलेलं नाही. म्हणून ती खेळत नाहीत, फिरत राहतात. नवीन जागा आधी हुंगून बघायची हा या वयाचा स्वभावच आहे, आणि आठ जागा हुंगायला पंधरा मिनिटं पुरतात.

म्हणून तीन कोपरे सरळ बंद करा. पहिले दोन आठवडे ठोकळे (६ मुलं), घरकोपरा (६), कणीक (६), चित्रं (६) आणि पुस्तकं (४) एवढेच ठेवा, म्हणजे २८ जागा होतात. तिसऱ्या आठवड्यात पाण्याचा कोपरा ४ मुलांसाठी उघडा, चौथ्या आठवड्यात अंकांचा. वाळू त्यानंतर, आणि वाळू नि पाणी एकाच दिवशी कधीही नको. दोन्हीकडे सतत एक मोठं माणूस लागतं आणि तुम्ही दोघीच आहात. प्रत्येक नवा कोपरा उघडण्याआधी सगळ्यांना गोलात बसवून पाच मिनिटांत तीन गोष्टी करून दाखवा: सामान कसं काढायचं, त्याच्याशी कायकाय करता येतं आणि ते परत कुठे ठेवायचं. बोलणं थोडं, दाखवणं जास्त.

"आता इथे जागा नाही" हे तुम्ही सांगू नका, ते वस्तूंना सांगू दे. कपडे वाळत घालायचे २४ चिमटे घ्या. प्रत्येकावर पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवून मुलाचं नाव आणि त्याने निवडलेलं एक चित्र काढा. प्रत्येक कोपऱ्याशी एक पुठ्ठा टांगा आणि तिथे जितक्या जागा, तितके गोल त्यावर काढा. खेळायला जाताना मुलाने आपला चिमटा एका गोलावर लावायचा, निघताना काढून न्यायचा. गोल भरले की कोपरा भरला. एक-दोन दिवस मुलं चिमटा विसरतील, तेव्हा तोंडाने न सांगता नुसतं पुठ्ठ्याकडे बोट दाखवा. महिन्याभराने चित्र झाकून फक्त नाव ठेवा. बहुतेक मुलं आपलं नाव ओळखू लागलेली असतील, काही जण मित्रांचीही. पालकांच्या "अक्षरं कधी?" या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथेच तयार होतं.

वर्गाची रचनाही एकदा मुलाच्या उंचीवर बसून बघा. दारापासून भिंतीपर्यंत सरळ मोकळा पट्टा दिसत असेल, तर मुलं त्यावर धावणारच. मध्ये एक बुटकी मांडणी (सामान ठेवायचं उघड्या फळ्यांचं कपाट) आडवी टाकली की धावणं निम्म्याने कमी होतं. मांडणी मुलाच्या छातीपेक्षा उंच नको, नाहीतर तुम्हाला पलीकडचं दिसत नाही. ठोकळे अशा कोपऱ्यात ठेवा जिथून कुणी येत-जात नाही. घरकोपरा त्याच्या शेजारीच असू द्या. दोन्हीकडे आवाज होतो, शिवाय मुलं ठोकळ्यांचा दवाखाना बांधून बाहुलीला तिकडे नेतात. ही ये-जा हवीच आहे, तिला सामान मिसळलं असं समजू नका. पुस्तकं अगदी विरुद्ध टोकाला ठेवा. रंग, कणीक आणि पाणी नळाच्या जवळ, पुसता येईल अशा फरशीवर.

आता वेळ. अर्धा तास कमी पडतो. घरकोपऱ्यात कोण आई, कोण बाळ, कोण डॉक्टर हे ठरायलाच दहा मिनिटं जातात, आणि मग कुठे खेळ सुरू होतो. एवढ्यात घंटा होणार हे मुलांना चार दिवसांत कळतं. मग ती ठरवण्याच्या भानगडीत पडतच नाहीत, हाताला लागेल ते उचलतात आणि टाकतात. मुक्त खेळ ५० ते ६० मिनिटांचा ठेवा. त्यातली शेवटची १० मिनिटं आवरायची आणि त्याआधी पाच मिनिटं सूचना द्यायची. सूचना साऱ्या वर्गाला ओरडून न देता प्रत्येक कोपऱ्यात जाऊन हळू आवाजात द्या: "अजून पाच मिनिटं. पूल पूर्ण करायचा की असाच ठेवायचा?" दिवसभराच्या वेळापत्रकात एवढा वेळ निघत नसेल, तर रोजच्या अर्ध्या तासाऐवजी आठवड्यातून तीन दिवस एक तास ठेवा. आमच्या मते त्याचा उपयोग जास्त होतो.

ठोकळ्यांवर जरा रेंगाळतो, कारण बालवर्गात एवढं शिकवणारं दुसरं साधन क्वचित असतं. १८४० मध्ये 'किंडरगार्टन' हे नाव देणाऱ्या फ्रेडरिक फ्रोबेल यांनी मुलांच्या हाती आठ सारख्या घनांत कापलेला एक लाकडी घन दिला, तो भाग आणि पूर्ण यांचं नातं हाताला कळावं म्हणून. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या शिक्षिका कॅरोलिन प्रॅट यांनी जमिनीवर बसून बांधायचे मोठे साधे लाकडी ठोकळे तयार केले. त्यांचा मूळ ठोकळा साधारण १४ सेंटिमीटर लांब, ७ रुंद आणि ३.५ जाड असतो, म्हणजे लांबी रुंदीच्या दुप्पट आणि रुंदी जाडीच्या दुप्पट. बाकीचे ठोकळे त्याच मापावर बेतलेले: अर्धा, दुप्पट, चौपट. त्यामुळे मोठा ठोकळा संपला की मूल दोन छोटे जोडून तेवढीच लांबी काढतं. दोन अर्धे मिळून एक, हे कुणी सांगावं लागत नाही. तुमच्याकडचे ठोकळे या प्रमाणात आहेत का, ते आधी मोजून बघा. मापं एकमेकांशी जुळत नसतील तर पूल तिरका बसतो, मनोरा कोसळतो, मूल कंटाळतं आणि मग ठोकळ्याची तलवार होते. सुतार करून देणार असेल तर कडा घासून गोल करून घ्या, आणि रंग न देता लाकूड तसंच राहू द्या. रंगीत ठोकळे असले की मुलं रंग जुळवण्यात अडकतात आणि मापाकडे त्यांचं लक्ष जात नाही.

सहा मुलांना १५० ते २०० नग लागतात. हा आकडा मोठा वाटेल, पण बहुतेक भांडणांचं मूळ टंचाईतच असतं. निम्म्याच्या आसपास मूळ मापाचे आणि दुप्पट ठोकळे, पाव हिस्सा अर्धे, आणि उरलेले कमानी, त्रिकोण, नळकांडी. तेवढे नसतील तर त्या कोपऱ्यात सहाऐवजी तीन मुलं घ्या आणि दुसरीकडच्या जागा वाढवा. खाली पातळ सतरंजी किंवा चटई हवी, जाड गालिचावर मनोरे डळमळतात. मांडणीपासून ३० सेंटिमीटरवर जमिनीला रंगीत पट्टी चिकटवा. पट्टी आणि मांडणी यांच्यामध्ये बांधायचं नाही. मुलं ठोकळे घ्यायला पुनःपुन्हा मांडणीशी येतात आणि कुणाचं तरी बांधकाम त्यांच्या पायाखाली येतं. ठोकळे कोसळण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, आणि त्यात कुणाचाही हेतू नसतो. मनोरा बांधणाऱ्याच्या हनुवटीपर्यंतच न्यायचा, एवढा एक नियम पुरे.

आवरण्यासाठी मांडणीच्या प्रत्येक फळीवर ठोकळ्याची बाह्यरेषा कागदावर काढून चिकटवा, लांब ठोकळा आडवा, म्हणजे त्याची लांबी दिसते. ठोकळे टोपलीत कोंबू नका. टोपलीतून हवा तो शोधायला ती उपडी करावी लागते, आणि तुमच्या वर्गात सामान मिसळतं त्यात उपड्या टोपल्यांचा वाटा मोठा असणार.

तलवारीबद्दल. बांधण्याच्याही पायऱ्या असतात. आधी मूल ठोकळे नुसते उचलून इकडून तिकडे नेतं. मग रांगा लावतं, एकावर एक रचतं. नंतर दोन ठोकळ्यांवर तिसरा आडवा ठेवून पूल करतं, मग चार बाजू जोडून कुंपण घालतं. त्यानंतर सममिती येते, आणि शेवटी "ही शाळा आहे" असं नाव आधी ठरवून बांधणं. पहिल्यांदाच ठोकळे हाताळणारं पाच वर्षांचं मूलही उचलण्यापासूनच सुरुवात करतं, फक्त पायऱ्या भराभर चढतं. तुमची मुलं आत्ता उचलण्या-रचण्याच्या पायरीवर आहेत आणि पुढे काय करायचं ते त्यांना दिसत नाहीये. "तलवार नको" म्हणण्याऐवजी शेजारी बसा आणि काही न बोलता दोन उभ्या ठोकळ्यांवर एक आडवा ठेवा. एक छोटी गाडी त्याखालून न्या आणि उठून जा. दुसऱ्या दिवशी चार-पाच लाकडी प्राणी ठेवा, म्हणजे कुंपणं उगवतील. सामान वाढवायचं ते एका वेळी एकाच जातीचं. प्राणी, गाड्या, माणसं आणि झाडं एकदम ठेवलीत तर बांधणं मागे पडतं. दुसऱ्याचा मनोरा मुद्दाम पाडणाऱ्या मुलाला पाडण्याचं सुख हवं असतं. "हा तुझा मनोरा. तू बांध, आणि मोजून तीन म्हटलं की तूच पाड," असं त्याला सांगा. दुसऱ्याचा पाडला तर पुन्हा बांधायला मदत करायची. माफी म्हणवून घेण्यापेक्षा हे जास्त लागू पडतं.

आता कणीक. ती फरशीला चिकटते म्हणजे जास्त ओली आहे, किंवा गरम असतानाच डब्यात बंद केली आहे. प्रमाण असं: २ कप मैदा, १ कप बारीक मीठ, २ मोठे चमचे तेल, १ मोठा चमचा लिंबाचा रस आणि २ कप पाणी. आधी मीठ गरम पाण्यात जमेल तितकं विरघळवा, नाहीतर कणीक खरखरीत होते आणि हाताला जरा खरचटलं असेल तर झोंबते. पाणी निवलं की जाड बुडाच्या पातेल्यात सगळं गार असतानाच एकत्र करून गुठळ्या मोडा आणि मंद आचेवर सतत हलवत राहा. चार ते सहा मिनिटांत मिश्रण कडा सोडून गोळा व्हायला लागतं. बोट लावल्यावर चिकटेनासं झालं की उतरवा. लवकर उतरवलंत तर कणीक चिकट राहते, जास्त शिजवलंत तर रबरासारखी होते. कोमट झाल्यावर मळा, पूर्ण गार झाल्यावरच झाकणाच्या डब्यात ठेवा. गरम गोळ्याची वाफ झाकणाला लागून पाणी होतं आणि तेच परत कणकेत उतरतं. एवढ्या प्रमाणात साधारण १ किलो गोळा होतो, म्हणजे सहा मुलांना प्रत्येकी दीड मुठीएवढा. त्याहून लहान गोळा देऊ नका, लहान गोळ्याने फक्त गोळ्याच होतात.

हवा दमट असेल तर मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि कणीक पुन्हा सैल होते. मग एक-एक चमचा मैदा घालून मळा. कोरडी पडून तुटायला लागली तर हात ओले करून मळा, पाणी ओतू नका. प्रत्येक मुलाला एक पाट किंवा प्लास्टिकची चटई द्या, तीच त्याची हद्द. फरशीवर पडलेली कणीक लगेच ओल्या फडक्याने पुसलीत तर लुकणासारखी पसरते. ती सुकेपर्यंत थांबा, खरवडून काढा, मग पुसा. खेळण्याआधी आणि नंतर हात धुवायचे. आठवड्याने कणीक नवी करायची, वर्गात सर्दी किंवा उलट्यांची साथ असेल तर त्याच दिवशी टाकायची. या कणकेत मीठ खूप असतं. चव घेऊन मूल थुंकतं तिथवर ठीक, पण घास गिळणाऱ्या मुलावर लक्ष हवं, एवढं मीठ पोटात जाणं धोक्याचं आहे. कुणाला गव्हाची अ‍ॅलर्जी किंवा सीलिअ‍ॅक (गहू न सोसण्याचा आजार) असेल तर मैदा वर्गात आणूच नका, चिकणमाती वापरा.

पहिल्या आठवड्यात कणकेबरोबर साचे ठेवू नका. साचा असला की मूल दाबतं, काढतं, आणि दोन मिनिटांत खेळ संपतो. नुसते हात असले की ते वळतं, चिमटतं, बोट खुपसतं, लांब दोर करतं. पुढे पेन्सिल धरताना लागणारी बोटांची ताकद यातूनच येते. दुसऱ्या आठवड्यात छोटं लाटणं आणि बोथट सुरी द्या, तिसऱ्यात काड्या आणि बिया.

चित्रांच्या कोपऱ्यातल्या दोन गोष्टी पटकन सांगतो. रंगखडू मोडून दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करा. लांब खडू मूल मुठीत धरतं, तुकडा मात्र आपोआप चिमटीत येतो. कात्री चालत नाही अशी तक्रार असेल तर कागद बघा. पातळ कागद पात्यांच्या मध्ये दुमडतो. जाड कागदाच्या दोन सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या द्या, म्हणजे एका कातरीत तुकडा पडतो. हे जमलं की सरळ रेषा, मग वळण. अंगठा वरच्या बाजूला हवा. डावखुऱ्या मुलाला डावखुऱ्यांचीच कात्री हवी. साध्या कात्रीत त्याला कापायची रेषा दिसत नाही आणि पाती एकमेकांपासून सुटतात.

पाण्याच्या टबात दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी नको. तेवढंही लहान मुलासाठी धोक्याचं असतं, म्हणून मोठं माणूस तिथून हलणार असेल तर टब आधी रिकामा करायचा. सोबत नरसाळं, स्पंज आणि दोन-तीन पेले ठेवा: एक उंच अरुंद, एक बसका रुंद, पण दोन्हींत सारखंच पाणी मावणारं. उंच पेल्यात जास्त पाणी आहे असं मुलं ठामपणे सांगतील. स्विस मानसशास्त्रज्ञ झ्याँ पियाजे यांनी हे दाखवलं होतं, आणि सहा-सात वर्षांच्या आधी समजावून फारसा उपयोग होत नाही. ओतू द्या, परत ओतू द्या. वाळूला आकार धरायचा तर आठ भांडी वाळूला एक भांडं पाणी एवढं प्रमाण ठेवा. कोरडी वाळू ढासळते, शिवाय तिची धूळ डोळ्यांत आणि छातीत जाते. पाण्यात फुगणारे रंगीत मणी, सुटी लोहचुंबकं आणि बटणाएवढे सेल वर्गात कुठेही नकोत. मणी पोटात फुगतात, दोन चुंबकं आतड्यात एकमेकांना ओढतात, आणि सेल अन्ननलिका जाळतो.

अंकांच्या कोपऱ्यासाठी महागडं काही घेऊ नका. पुठ्ठ्याची एक सरळ पट्टी घ्या, तिच्यावर सारख्या मापाची १० घरं आखा आणि डावीकडून उजवीकडे १ ते १० लिहा. फाशाच्या तीन बाजूंवर १ आणि तीन बाजूंवर २ ठिपके. दोन सोंगट्या. रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी या अमेरिकेतल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं, की असा सरळ पट एकूण तासभर खेळल्याने लहान मुलांची संख्यांची समज वाढते. घरांत आकड्यांऐवजी नुसते रंग असलेला पट खेळलेल्या मुलांत ती वाढ दिसली नाही. पुढच्या अभ्यासात गोल पटाचाही तसा उपयोग दिसला नाही. सरळ पट्टीवर पुढचं घर मोठ्या संख्येचं, आणि तिथे पोचायला हातही लांब न्यावा लागतो, वेळही जास्त जातो.

पण इथे एक चूक जवळजवळ सगळ्यांकडून होते. सोंगटी ४ वर आहे, फाशावर २ पडले. मूल "एक, दोन" म्हणत दोन घरं पुढे जातं आणि आपण शाबासकी देतो. म्हणायला हवं "पाच, सहा", म्हणजे पाय पडेल त्या घराचा आकडा. "एक, दोन" म्हणताना मूल पटावरच्या आकड्यांकडे बघतही नाही. सुरुवातीला तुम्ही तिथे बसून प्रत्येक घरावर बोट ठेवा आणि त्याच्याबरोबर म्हणा. आणखी एक गोष्ट पडताळून बघा. पाच बिया मोजल्यावर लगेच विचारा, "किती झाल्या?" मूल पुन्हा एकपासून मोजायला लागलं, तर त्याला ओवी पाठ आहे, संख्या कळलेली नाही. शेवटी म्हटलेला आकडा म्हणजे सगळ्यांची मिळून संख्या, हे त्याला अजून गवसायचंय. त्याला वीसपर्यंत पाठ करायला लावू नका. तीन-चार वस्तूंवरच खेळू द्या.

अक्षरांच्या आधी आवाज येतात. एका पिशवीत सात-आठ वस्तू ठेवा, मुलाने एक काढून तिचं नाव टाळ्या वाजवत तोडून म्हणायचं: क-म-ळ, तीन टाळ्या. नंतर "सुरुवात सारखी कुणाची?" हा खेळ. इथे मराठीत एक खड्डा आहे. चमचा आणि चेंडू एकाच गटात टाकू नका. लिहायला 'च' एक असला तरी आवाज दोन आहेत, आणि ज्याचा कान तयार आहे ते मूल "सारखे नाहीत" म्हणेल. ते बरोबर असतं आणि आपण त्याला चूक ठरवतो. 'ज' आणि 'झ' यांचंही तसंच. पहिले काही आठवडे म, क, प, ब यांच्या वस्तू घ्या.

नुसती बघत उभी राहणारी तुमची ती दोन मुलं. अमेरिकेतल्या संशोधक मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले, त्यात दुसऱ्याचा खेळ बघणं हाही एक प्रकार आहे. त्याशिवाय एकट्याने खेळणं, दुसऱ्याच्या शेजारी बसून स्वतःचंच खेळणं, मिसळून खेळणं आणि मिळून काही ठरवून खेळणं. बघणारं मूल कामात आहे, ते खेळाची रीत शिकतंय. त्याला हाताला धरून "जा, खेळ त्यांच्यात" असं ढकलू नका. त्याच्या शेजारी बसून तुम्ही स्वतः काहीतरी करा, त्यांच्यासारखंच. दोन-तीन दिवसांनी त्या खेळाला लागणारी एक वस्तू त्याच्या हातात द्या. दवाखान्याचा खेळ चालू असेल तर कागद आणि पेन्सिल, म्हणजे ते नावं लिहून घेणारं माणूस होतं. नुसतं "मला घ्या" म्हणणाऱ्याला मुलं नाही म्हणतात, पण कामाची वस्तू घेऊन आलेल्याला घेतात. तीन-चार आठवड्यांनीही ते कुठेच हात लावत नसेल, नावाने हाक मारल्यावर बघत नसेल किंवा बोलणं फारच कमी असेल, तर पालकांशी बोला, आणि ऐकणं नि बोलणं तपासायला सुचवा.

तुमचं स्वतःचं काय? पहिली दहा मिनिटं सगळीकडे फिरा. मग भिंतीकडे पाठ करून एका कोपऱ्यात पंधरा मिनिटं बसा, तिथून सगळा वर्ग दिसला पाहिजे. मदतनीस बाईंना दुसऱ्या टोकाला बसवा. बसल्यावर "हा रंग कोणता? किती आहेत?" असे प्रश्न टाळा. त्यांचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत असतं आणि मुलालाही ते कळतं. जे दिसतंय ते बोला: "तू लांब ठोकळा खाली ठेवलास आणि छोटे वर." मग थांबा. अमेरिकेतल्याच शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतली संभाषणं तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत होते. ते तीन सेकंद थांबायला लागले तशी मुलांची उत्तरं लांब झाली. चार वर्षांच्या मुलाला पाच सेकंद द्या. मनात मोजा, फार लांब वाटेल.

रोज दोन किंवा तीन मुलांची नोंद ठेवा, म्हणजे दोन आठवड्यांत २४ होतात. तारीख, कोपरा, काय केलं, काय बोललं. "छान खेळला" ही नोंद नव्हे. "चार दुप्पट ठोकळ्यांनी कुंपण केलं, एका बाजूला तुटलं, दोन अर्धे जोडून बुजवलं, म्हणाला 'आता गाय पळणार नाही'" ही नोंद.

पालकांनाही हीच वाक्यं द्या. "खेळातून सर्वांगीण विकास" असं लिहिलंत तर त्यांना काही मिळत नाही. प्रत्येक कोपऱ्याशी मोठ्यांसाठी एका वाक्याची पाटी लावा. ठोकळ्यांशी: दोन अर्धे मिळून एक, हे इथे हाताने कळतं. कणकेशी: पेन्सिल धरणारी बोटं इथे तयार होतात. चिमट्यांशी: आपलं नाव वाचायला इथे सुरुवात होते. आणि महिन्यातून एकदा शेवटचा अर्धा तास पालकांना वर्गात बोलवा. भाषण नको, पट मांडून ठेवा. फासा त्यांनी टाकायचा, सोंगटी मुलाने हलवायची आणि आकडे मुलाने म्हणायचे. चारच्या घरातली सोंगटी हलवताना मूल "पाच, सहा" म्हणालं की पाटी वाचून दाखवायची गरज राहणार नाही.